कोर्टाच्या स्टेमुळे सिलिंडर महागला?

आठवडाभरात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. एक तालमीचा, एक भिशीचा, दोन पै-पाहुण्यांचे. "देशाच्या पोटात भरपूर गॅस आहे. पण मूठभर पर्यावरणवाले कोर्टातून स्टे आणतात, शोध बंद पडतो आणि आपला सिलिंडर महागतो. आता कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच झालंय, इथंही हेच सुरू होणार." पाठवणारी माणसं माझीच आहेत आणि मी वकिली करतो. म्हणून नीट उत्तर देतोय.

आधी सिलिंडर. त्यात एलपीजी असतो, म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन. विहिरीतून येणारा नैसर्गिक वायू मुख्यतः मिथेन. तो पाइपलाइननं घरात येतो नाहीतर सीएनजी म्हणून रिक्षात भरला जातो. देशाला लागणारा साधारण ६० टक्के एलपीजी आपण बाहेरून आणतो आणि त्याचा भाव सौदीच्या दराला बांधलेला आहे. आसामात विहीर थांबली म्हणून उद्यमनगरातल्या खानावळीचा सिलिंडर महागत नाही.

"स्टेमुळे गॅस जमिनीतच राहिला" हेही खरं नाही. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या केजी-डी६ या रिलायन्सच्या समुद्री गॅसक्षेत्रातून २०१० च्या सुमारास दिवसाला सहा कोटी घनमीटरच्या आसपास गॅस निघत होता. चार-पाच वर्षांत तो पाव हिश्श्याच्याही खाली आला. कंपनी म्हणाली, भूगर्भानं दगा दिला. सरकार म्हणालं, ठरलेल्या विहिरी खणल्या नाहीत. भांडण लवादापर्यंत गेलं, पण त्यात पर्यावरणाचा स्टे कुठंच नव्हता.

आता मुख्य मुद्दा. स्टे मागितला की मिळतो, असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: प्रथमदर्शनी केस आहे, स्टे न दिल्यास जास्त गैरसोय आपली होते, आणि होणारं नुकसान पैशानं भरून येणार नाही. दक्षिण आफ्रिकेत शेल कंपनीला वाइल्ड कोस्टच्या समुद्रात ध्वनिलहरींनी तेल-वायू शोधायचा होता. डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला कोर्टानं मनाई नाकारली. त्याच महिन्याच्या २८ तारखेला, दुसऱ्या अर्जावर जास्त पुरावा आला तेव्हा दिली. कारण काय? किनाऱ्यावरची माणसं खोसा बोलतात आणि कंपनीच्या जाहिराती इंग्रजी व आफ्रिकान्समध्ये होत्या. तिथल्या पारंपरिक राजघराण्यांशी बोलणी झाली, मासेमारांना कुणी विचारलं नाही. तरीही दार कायमचं बंद झालं नाही. २०२४ मध्ये वरच्या कोर्टानं परवाना बेकायदेशीरच ठरवला, पण नूतनीकरणाच्या अर्जावर निर्णय होईपर्यंत तो रद्द करण्याचा आदेश थांबवून ठेवला.

आपल्याकडचं उदाहरण आसामचं. २७ मे २०२० ला तिनसुकिया जिल्ह्यात बाघजानच्या विहिरीतून गॅस उसळला, ९ जूनला आग लागली, दोन अग्निशमन जवान गेले. हजारो लोक घरं सोडून छावण्यांत राहिले आणि विहीर काबूत यायला नोव्हेंबर उजाडला. खरं सांगायचं तर ती शोधाची विहीर नव्हती, चालू विहिरीवर दुरुस्तीचं काम सुरू होतं. पण शेजारच्या दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यानाखाली सात ठिकाणी ड्रिलिंग करायला त्याच मे महिन्यात मंजुरी मिळाली होती. जैवविविधतेचा अभ्यास करा, असं सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्येच सांगितलं होतं. तो झालेला नाही, हा आक्षेप घेऊन लोक गौहाटी हायकोर्टात गेले आणि डिसेंबर २०२० मध्ये स्थगिती मिळाली. सांगितलेलं काम आधी करा, एवढंच त्यांचं मागणं होतं. यात चूक काय?

त्याच वर्षी, जानेवारी २०२० मध्ये, तेल-वायूच्या शोधाला जनसुनावणीतून सूट मिळाली. गावानं बोलायची जागाच काढून घेतल्यावर गाव कोर्टात जाणार नाही तर कुठं जाणार?

राहिलं सर्किट बेंच. आपण बेसॉल्टवर, म्हणजे काळ्या कातळावर बसलोय, इथं गॅसच्या विहिरी नाहीत. सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या बेंचच्या इमारतीत येतील ते वाळूचे, खाणीचे, पंचगंगेच्या पाण्याचे अर्ज. शाहूवाडीकडं एका खाणीच्या जनसुनावणीला मी गेलो होतो. जाडजूड अहवाल टेबलावर होता, सगळा इंग्रजीत. एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, "आमच्या झऱ्याचं ह्यात काय लिवलंय, तेवढं वाचून दावा." साहेबांनी बरीच पानं उलटली. मग अहवाल मिटला आणि पुढचं नाव पुकारलं.