कुतच्या वेढ्यातली मराठा पलटण: हातात तलवार कमी, फावडं जास्त

गेल्या आठवड्यात आमच्या भावकीच्या ग्रुपवर एकच मेसेज पाच वेळा आला. तीनदा बार्शीहून, एकदा मंगळवेढ्याहून आणि शेवटी आमच्याच गल्लीतल्या अण्णांकडून. मजकूर थोडक्यात असा: पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी फक्त मराठ्यांना दोरखंडाने बांधून इराकात नेलं. कुतच्या वेढ्यात ते १४७ दिवस अन्नाविना, अहोरात्र तलवारीने लढले. मेले, पण घोड्याच्या मांसाला शिवले नाहीत. आणि त्यातल्या एकाने फेब्रुवारी १९१६ मध्ये कुतहून आईला धाडलेलं हे पत्र. खाली दोन पानी पत्र, त्याखाली ‘अकरा जणांना पाठवा’.

अण्णा, पत्र वाचून माझाही गळा दाटला. पण आधी त्याचंच बघू, कारण ते चटकन निकालात निघतं. कुत-अल-अमारा हे तैग्रिस नदीच्या वळणातलं गाव. तीन बाजूंनी पाणी, चौथ्या बाजूला इंग्रजांच्या फौजेला घेरून बसलेल्या तुर्कांचे खंदक. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत आतल्या फौजेचा बाहेरच्या जगाशी बोलण्याचा मुख्य मार्ग म्हणजे बिनतारी यंत्र, आणि तेही सरकारी कामापुरतं. फेब्रुवारीत शिपायाचं पत्र टपालात पडून सोलापूर जिल्ह्यात पोचणार कसं? शिवाय त्या काळी बहुतेक शिपायांना लिहिता येत नव्हतं. पलटणीतल्या एखाद्या शिकलेल्याकडून ते पत्र लिहवून घ्यायचे. अशा पत्रात गुरंढोरं, पाऊस, कर्ज, सोयरीक यांची चौकशी असते. ‘मातृभूमीच्या चरणी’ वगैरे नसतं.

दोरखंडाचं म्हणाल, तर हिंदी लोकांसाठी त्या युद्धात सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा कधीच झाला नाही. १९१७-१८ मध्ये गावागणिक माणसं मागण्याचा जाच झाला, विशेषतः पंजाबात, हे खरं. पण कुतमध्ये अडकलेल्या १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी जुन्या, कायमच्या. त्यांतले बहुतेक लोक आपल्या पायांनी भरती झालेले. पगार महिन्याला ११ रुपये, आणि शांततेच्या काळात शिध्याचा खर्चही त्यातूनच. एवढ्यासाठी माणूस का जायचा, हे आपल्या जिल्ह्यात कुणाला समजावून सांगायला नको. १८७६-७८ चा दुष्काळ ज्यांच्या आज्याने पाहिला होता, त्यांच्या घरात दरमहा येणारा रोकडा पैसा म्हणजे काय, विचारा. आणि हो, ‘फक्त मराठे’ हेही चूक. या पलटणींत देशावरचे आणि कोकणातले मराठे होते, तसे दख्खनी मुसलमानही होते. मेसेजने त्यांना गुपचूप वगळलंय.

आता ‘अहोरात्र लढले’. तुर्कांचा शेवटचा मोठा हल्ला झाला २४ डिसेंबर १९१५ ला, कुतच्या किल्ल्यावर. तिथे १०३ वी पलटण होती आणि झुंज खरोखर हातघाईची झाली. पण त्यानंतर उरले चार महिने, आणि त्यांत तसा हल्ला पुन्हा आला नाही. मग काय करत होते? खणत होते. उजाडायच्या आधी संगीन लावून सगळे खंदकात उभे. उजाडलं की पहारेकरी सोडून बाकीचे वाकून, कारण डोकं वर दिसलं की पलीकडून नेमबाजाची गोळी. अंधार पडला की पुन्हा फावडी. भिस्ती नदीवर पाणी भरायला गेला तर त्याच्यावरही गोळ्या. जानेवारीत नदीला पूर आला, पुढचा खंदक पाण्यात गेला, आणि मागे सरून सगळं नव्याने खणावं लागलं. तोफांचा मारा रोजचा, विमानातून बॉम्बही. यात तलवार कुठे काढणार? रायफल, संगीन, फावडं.

अन्नाविनाही नाही. अन्न होतं, घटत जाणारं. गावात लोकांनी दडवलेलं धान्य खणून काढलं तेव्हा ते दिवस निघाले. शेवटी दिवसाचं पीठ पाव शेराच्याही खाली आलं. एप्रिलमध्ये विमानांतून पोती टाकली, त्यातली काही नदीत, काही थेट तुर्कांच्या पदरात. दळायला दगड हवेत म्हणून जात्याची तळीही आकाशातून आली. हे खरं असून मेसेजमध्ये नाही, याचं मला नवल वाटतं.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती घोड्याची गोष्ट. आपल्या शिपायांनी आधी ठाम नकार दिला. कारण धर्माइतकंच गावाचं: परत गेल्यावर वाळीत टाकतील, पोरींची लग्नं जमणार नाहीत. बाहेरून धर्मगुरूंची परवानगी मागवली गेली, तरी पटेना. पण एप्रिलच्या मध्याला बहुतेकांनी खाल्लं. याची लाज वाटावी असं मला काहीच दिसत नाही. तोवर भाजी नाही, मांस नाही, म्हणून हिरड्या सुजून रक्त येणारा स्कर्व्ही पसरला होता. पोरं रानातला पाला खुडून शिजवत होती. उलट घोडा खाणाऱ्या गोऱ्या शिपायांना स्कर्व्ही कमी, पण मैद्याच्या पावामुळे बेरीबेरी, म्हणजे हातपाय लुळे पाडणारी व्याधी. आपल्या लोकांना तिच्यापासून कोंड्यासकटच्या आट्याने वाचवलं. म्हणजे एकाच वेढ्यात दोन स्वयंपाकघरं आणि दोन रोग. ज्वारीची भाकरी खाणाऱ्याला हे सांगताना मला उगाच बरं वाटतं.

‘मेले पण’ याबद्दल: वेढा उठला नाही, फौज शरण गेली. सुमारे १३ हजार माणसं. त्यांत साडेतीन हजारांच्या आसपास लंगरी (स्वयंपाकी), भिस्ती, ओझेवाले असे बिनलढाऊ लोक होते, त्यांचं नाव कुणीच काढत नाही. त्यानंतरची वाळवंटातली पायपीट आणि रेल्वेच्या कामावरची कैद ही पुष्कळांना वेढ्याहून जड गेली. मेसेज शरणागतीच्या आदल्या दिवशीच संपतो.

महाराष्ट्रात कित्येक गावांत एक छोटा दगड भिंतीत बसवलेला सापडतो: या गावातून अमुक माणसं १९१४ ते १९१९ च्या युद्धास गेली, पैकी इतक्यांनी प्राण दिले. फक्त आकडे. इराकातल्या बसऱ्याच्या युद्धस्मारकावरही हिंदी अधिकाऱ्यांची नावं आहेत, साध्या शिपायांची मात्र पलटणवार संख्या. तुम्ही पाठवलेल्या पत्राखाली तेवढी झोकात सही आहे.