सुटी बॅटरी स्क्रूंच्या पिशवीत टाकू नका

ड्रिलसारख्या बिनवायरीच्या अवजारांच्या बॅटऱ्या कशा सांभाळाव्यात यावरच्या तुमच्या लेखात चार्जिंगबद्दल नीट लिहिलंय, पण बॅटऱ्यांची ने-आण दोन ओळींत उरकली. आमच्या धंद्यात खरा धोका तिथंच आहे. मी कोथरूड-वारजे भागात फर्निचरची कामं घेतो. गेल्या मे महिन्यात आमच्या पोऱ्याने ड्रिलची सुटी बॅटरी स्क्रूंच्या पिशवीत टाकली आणि पिशवी स्कूटरच्या डिकीत. साइटवर डिकी उघडली तर जळक्या प्लास्टिकचा वास! एक स्क्रू टर्मिनलच्या (बॅटरीच्या धातूच्या टोकांच्या) खाचांत आडवा अडकून शॉर्टसर्किट झालेलं, स्क्रू काळानिळा पडलेला, बॅटरीला हात लावला तर चटका. पेट घेतला नाही हे नशीब.

तेव्हापासून प्रत्येक बॅटरीला प्लास्टिकची टोपी, ती हरवली तर टर्मिनलवर चिकटपट्टी. 18 व्होल्टच्या पॅकमध्ये निदान 5 सेल असतात; एक भडकला की शेजारचेही पेटू शकतात. म्हणून उन्हात उभ्या टेम्पोत बॅटऱ्या ठेवूच नयेत. काम बंद असेल तर साधारण अर्ध्या चार्जवर, सावलीत, कोरड्या जागी. वापरून तापलेली बॅटरी गार झाल्याशिवाय चार्जरला लावायची नाही.

आणि फुगलेली बॅटरी घंटागाडीत देऊ नका हो, तिथला माणूस कचरा हाताने दाबतो. माझ्याकडच्या अशा दोन मी वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यातून ई-कचरा केंद्रात नेऊन दिल्या.