‘मेडिकलमध्ये बसणाऱ्या बाईं’चं उत्तर

योनीमुखाची खाज आणि कॅन्सर यांवरच्या माझ्या मागच्या लेखावर कळव्याच्या एका वाचकांची प्रतिक्रिया आली आहे. त्या खाजेमागे कधी कधी लायकेन स्क्लेरोसस हा कातडीचा जुनाट आजार असतो आणि त्यावर डॉक्टरांनी दिलेलं स्टिरॉइडचं मलम नेमाने लावावं, असं मी त्यात म्हटलं होतं. इतरांना संदर्भ लागावा म्हणून ती इथेच देते: ‘मॅडम, तुम्ही डॉक्टर नाही, मेडिकलमध्ये बसणाऱ्या बाई आहात. विलायतेतल्या संशोधनाच्या जिवावर आपल्या बायकांना नाजूक जागी स्टिरॉइड लावायला सांगणं हा बेजबाबदारपणा आहे. शीर्षक घाबरवणारं आहे. आणि सरकारी दवाखान्यात बाईला तपासायला साधा आडोसा नसतो, त्यावर तुम्ही एक ओळ लिहिलेली नाही.’

शीर्षक भडक होतं, मान्य. बदललं आहे.

आता ‘बसणाऱ्या बाई’बद्दल. साहेब, मी रजिस्टर्ड फार्मासिस्ट आहे आणि नौपाड्यातल्या आमच्या दुकानात दिवसभर उभी असते, बसायला मिळतं कुठे? मतभेद असावेत, पण पहिल्याच वाक्यात समोरच्या बाईला तिची जागा दाखवायची हौस कशासाठी? हाच लेख एखाद्या पुरुष केमिस्टने लिहिला असता, तर तुम्ही त्याला ‘मेडिकलमध्ये बसणारे भाऊ’ म्हटलं असतं का? मला नाही वाटत.

त्या काउंटरवरून काय दिसतं तेही ऐका. पन्नाशी-साठीची बाई येते आणि गर्दी ओसरेपर्यंत बामच्या बाटल्या बघत उभी राहते. मग मोबाईलवर एका चेपलेल्या ट्यूबचा फोटो दाखवते. ती ट्यूब बहुतेक वेळा बुरशीच्या मलमाची असते, नाहीतर स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र कोंबलेल्या तिहेरी मलमाची. कुणीतरी न बघता सांगितलेलं असतं, ती वर्षानुवर्षं लावत असते. स्टिरॉइड तर ती आधीपासूनच लावते आहे, साहेब! फक्त चुकीचं, चुकीच्या आजारावर आणि कुणाच्या देखरेखीशिवाय. मी लिहिलं ते नेमकं याच्या उलट. आधी डॉक्टरांकडून बघून घ्या, शंका वाटली तर कातडीचा छोटा तुकडा काढून तपासा, आणि लायकेन स्क्लेरोसस निघाला तरच ते मलम. तुम्ही तेवढा परिच्छेद गाळून वाचलात.

माझ्या सासूबाईंचं उदाहरण देते. रात्री खाजेने झोप नाही आणि एका दवाखान्यातून दरवेळी ‘फंगल आहे’ एवढंच ऐकून परत. शेवटी एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी दिव्याखाली नीट पाहिलं. कातडी पांढरी पडलेली, विडी वळायच्या कागदासारखी सुरकुतलेली, योनीमुखाचे ओठ आक्रसून जवळजवळ नाहीसे झालेले. तुकड्याचा रिपोर्ट लायकेनचाच आला. क्लोबेटासोल हे कडक स्टिरॉइड मलम लिहून दिलं. सासूबाईंनी घरी येऊन भिंगाने खोक्यातला कागद वाचला, त्यात ‘जांघेत लावू नये’ असं होतं, आणि ट्यूब गुपचूप साडीच्या घडीत गेली. सापडली ती मला. ‘तिथली कातडी सोलून निघेल गं’ म्हणाल्या. त्यांना समजवायला मला जे वाचावं लागलं, त्यातूनच तो लेख झाला. तेव्हा नेटवर चाळून लिहिलं, ही समजूत काढून टाका.

त्या कागदात लिहिलं आहे ते सगळ्या अंगासाठी आणि सगळ्या आजारांसाठी. लायकेनमध्ये हेच कडक मलम जगभर पहिला उपचार मानतात. साधारण महिनाभर रोज, मग महिनाभर दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा. एका वेळी लागतं किती, तर बोटाच्या शेवटच्या पेरावर बसेल त्याच्या निम्मं. 30 ग्रॅमची ट्यूब तीनेक महिने पुरते. ज्यांची महिन्यात संपते त्यांना मी स्वतः परत डॉक्टरांकडे पाठवते.

आणि कॅन्सरचा संबंध मी माझ्या मनाने जोडलेला नाही. योनीमुखाचा कॅन्सर तसा विरळ. तो दोन वाटांनी येतो, एक शरीरसंबंधातून पसरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची आणि दुसरी, जास्त करून वयस्क बायकांत, उपचार न झालेल्या लायकेनची. सिडनीच्या डॉ. गेल फिशर आणि सहकाऱ्यांनी 507 बायकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं आणि 2015 मध्ये ते प्रसिद्ध केलं. मलम नेमाने लावणाऱ्या 357 जणींत एकीलाही हा कॅन्सर झाला नाही. लावायचं म्हणून लावणाऱ्या 150 जणींत सात जणींना कॅन्सर किंवा त्याची पूर्वावस्था दिसली. कातडी पातळ झाल्याची उदाहरणं दोन्ही गटांत मोजकीच होती, आणि तीही भरून आली. हा चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला अभ्यास नव्हता, हे मी मूळ लेखातही लिहिलं होतं. पण ‘बेजबाबदार’ शब्द वापरण्याआधी एवढे आकडे तरी खोडून काढा की!

राहिलं ‘विलायत’. सिडनी विलायतच, तिथे तुमचं बरोबर. पण म्हणून सगळंच? ठाण्याहून पनवेल लोकल पकडा आणि खारघरला उतरा. टाटा कॅन्सर हॉस्पिटलचं ॲक्ट्रेक हे संशोधन केंद्र तिथे आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला (हा वेगळा कॅन्सर, पण संशोधन इथलंच) ऑपरेशननंतर जे रेडिएशन देतात, ज्याला आपल्याकडे ‘शेक’ म्हणतात, त्याने पुढे आतड्यांचे हाल होतात. डॉ. सुप्रिया चोप्रा यांनी टाटात 300 बायकांवर जुनी पद्धत आणि रोज प्रतिमा पाहून नेमका नेम धरणारी नवी पद्धत, अशी तुलना केली. तीन वर्षांनी आतड्यांचा मध्यम किंवा त्याहून जास्त त्रास जुन्या पद्धतीत सुमारे 42 टक्के बायकांना होता, नव्या पद्धतीत 21 टक्क्यांना. कॅन्सर आटोक्यात राहण्यात फरक नाही. या विलायतेला जायला पासपोर्ट लागत नाही.

आणि डॉक्टर नसण्याचा एवढा बाऊ करता म्हणून आणखी एक. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या चमूने सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या बायकांच्या गर्भाशयमुखाला व्हिनेगरसारखं पातळ ॲसिटिक ॲसिड लावून तपासणी झाली. पांढरा डाग उमटला तर पुढे पाठवायचं. हे करणाऱ्या बायका डॉक्टर नव्हत्या, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका होत्या. तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. 2014 मध्ये ते छापून आलं. त्या सेविकांनाही तुम्ही ‘तुम्ही डॉक्टर नाही’ म्हणून दारातून परत पाठवलं असतंत बहुधा.

दवाखान्यातल्या आडोशाचं म्हणाल तर तो वेगळा विषय आहे, माझा लेख उपचारांवर होता. प्रत्येक लेखात सगळं कोंबायचं तर पेपरच काढावा लागेल. कधी लिहावंसं वाटलं तर लिहीन, तुमच्या सांगण्यावरून मात्र नाही.

पुढची प्रतिक्रिया जरूर टाका, त्यातली माझ्याबद्दलची विशेषणं वगळून उरेल तेवढी प्रसिद्ध करीन. आता थांबते, एक्सपायरीच्या औषधांचं खोकं रात्रीच वेगळं काढून ठेवायचं आहे.