तास मोजताय, मग साहेबाच्या सवयीही बघा

सप्टेंबर 2025 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतला कामाचा दिवस 9 तासांवरून 12 पर्यंत आणि दुकानं-कार्यालयांतला 10 पर्यंत वाढवायला मंजुरी दिली. आठवड्याची 48 तासांची मर्यादा कायम ठेवली, पण कारखान्यांतला तिमाहीतला ओव्हरटाइम 115 वरून 144 तासांवर नेला. तेव्हापासून आमच्या चिंचवडच्या शाळेच्या ग्रुपवर जो वाद पेटलाय, तो विझायचं नाव घेत नाही. आठवड्याला किती तास काम करावं यावर कुणी इन्फोसिसच्या नारायण मूर्तींचे 70 तास काढतं, कुणी लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचे 90. घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत राहणार, असं ते बोलून गेले होते. घरात स्वयंपाक असतो, आजारी सासरे असतात, मुलांचा अभ्यास असतो. ते सगळं त्या एका वाक्यात पुसलं गेलं, आणि मला त्याचा राग अजून आहे. मग वादाच्या शेवटी माझा नंबर लागतो, कारण मी जर्मनीत राहते. 'तुमचा युरोप आळशी झालाय. तुमचे चान्सेलरच म्हणतात, जास्त काम करा.'

जर्मनीचे चान्सेलर मेर्त्स तसं म्हणाले, खरं आहे. दिवसाऐवजी आठवड्याची मर्यादा आणायचाही त्यांच्या सरकारचा विचार आहे. पण म्हणून श्टुटगार्टमधल्या आमच्या ऑफिसात साडेपाचनंतर कुणी बसलेलं मी पाहिलं नाही. इथल्या कायद्याने दिवसाला 8 तास, फार तर 10, आणि दोन दिवसांच्या कामामध्ये 11 तासांची विश्रांती. एखाद्या टीमलीडला हे जमत नसेल, तर बेट्रिब्सराट, म्हणजे कंपनीतलं कर्मचाऱ्यांनी निवडलेलं मंडळ, आधी त्यालाच विचारतं की कामाची आखणी कुणी केली. माझं भांडण इथेच आहे. आपल्याकडे माणूस किती तास बसला, हे सगळे मोजतात. त्याला बसवणारा त्या वेळात काय करत होता, हे कुणीच विचारत नाही.

माझ्या टीमचे निम्मे लोक इथे आहेत आणि निम्मे हिंजवडीत. मी लीड झाले तेव्हा सगळ्या महत्त्वाच्या बैठका इथल्या दुपारी चारला असायच्या. हिवाळ्यात तेव्हा पुण्यात साडेआठ वाजलेले असतात. बैठक संपवून ती मुलं वाकडच्या ट्रॅफिकमधून घरी कधी पोचायची, हे इथे कुणाच्या मनातही येत नसे. आता आमची प्रत्येक बैठक इथल्या सकाळी होते. ती का आहे आणि तिच्यातून काय ठरायला हवं, हे आदल्या दिवशी लिहून जातं. बोलायची सुरुवात सगळ्यात नवीन माणसापासून. साहेबाने आधी मत दिलं की पुण्याकडचे सगळे 'येस मॅडम' म्हणून मोकळे होतात, आणि चाचणीतली जी चूक एखाद्या नव्या मुलीला दिसलेली असते ती तिच्याजवळच राहते.

दर आठवड्याला प्रत्येकाशी अर्धा तास एकटीने बोलते, आणि काहीही झालं तरी ते रद्द करत नाही. कामाचा आढावा त्यात घेत नाही. काय अडलंय आणि त्यात मी काय करू, एवढंच विचारते. पहिले काही महिने पुण्याची मुलं 'सगळं ठीक आहे' म्हणत राहिली. मग एकाने सांगितलं की दोन साहेब त्याला एकाच आठवड्यासाठी दोन कामं देतात आणि नाही कुणाला म्हणायचं, हे त्याला कळत नाही. ते नाही म्हणणं माझं काम होतं. त्याच्या जागरणातली निम्मी तिथेच मिटली. याशिवाय रजेवर जाणाऱ्याचं काम कोण बघणार, त्याचं नाव आधी ठरतं, म्हणजे त्याला गावाहून फोन घ्यावा लागत नाही. चूक एकट्याला सांगायची, श्रेय सगळ्यांसमोर द्यायचं, हे तर आपल्याकडच्या कुठल्याही चांगल्या मास्तरांना ठाऊक होतं.

हे जर्मन शहाणपण आहे असं मला म्हणायचं नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1890 मध्ये मिळवली. माझे वडील पिंपरीत टर्नर होते. त्यांचे फोरमन कडक, पण भोंगा झाला की कुणाला थांबू देत नसत, आणि आई दवाखान्यात होती तेव्हा रोज डबा त्यांच्या घरून यायचा. इथे सगळे मला नावाने हाक मारतात, माझा वेळ पाळतात, पण इतक्या वर्षांत कुणी डबा आणलेला नाही. आजारी पडले तर कामावर येऊ नकोस म्हणतात, आणि पुढचं विचारत नाहीत. ते मला अजून लागतं.

माझा भाचा नुकताच हिंजवडीत टीमलीड झालाय. त्याला म्हटलं, आयटीत भोंगा नाही, तुझं उठणंच भोंगा आहे. सातला सगळ्यांदेखत बॅग उचल, रात्री सुचलेलं सकाळी पाठव. तो म्हणाला, "मावशी, माझे सर साडेनऊपर्यंत बसतात. मी सातला उठलो तर अप्रेझलमध्ये ते दिसेल. तू तिथे आहेस, तुला सोपं आहे."

त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच्या सरांपुढे कायदाच उभा राहू शकतो. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क देणारं खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्येच लोकसभेत मांडलं होतं. त्यासाठी एखाद्या उमेदवाराला मत द्यावं म्हटलं, तर इथलं नागरिकत्व घेतल्यापासून माझ्याकडे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड आहे आणि त्यावर मतदान करता येत नाही. ग्रुपवर मला 'तुमचा युरोप' म्हणतात, इथे माझ्या आडनावाचं स्पेलिंग अजून विचारतात. तरी हिंजवडीतल्या माझ्या टीमची संध्याकाळ श्टुटगार्टच्या माझ्या कॅलेंडरवर ठरते. या वादात माझा संबंध काय, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर तेच आहे.