सत्यनारायण घालताय? मग एवढं पाळाच

नवा फ्लॅट घेतलात? अभिनंदन! आता वास्तुशांतीला जोडून सत्यनारायण उरकूनच घ्या. निम्मे पैसे पिशवीतून गेले असतील आणि करारनाम्यात रेडी रेकनरच्या सरकारी दराला जेमतेम टेकणारा आकडा असेल, तर अजिबात टाळू नका. देव सत्याचा आहे. त्याची गरज अशाच घरात जास्त.

तयारीत कुचराई नको. चौरंगाला केळीचे खांब बांधा, फोटो झकास येतात. रवा, साखर, तूप सगळं सव्वाच्या मापात. इथे चमचाभरही कमी चालत नाही, हा काही बिल्डरचा कार्पेट एरिया नव्हे.

गुरुजींनी 'रेवाखंडे' म्हटलं की हात जोडा आणि मोबाइल मांडीखाली सरकवा. काशीचा गरीब ब्राह्मण, मोळीविक्या येऊन जातील, तोवर पाहुण्यांच्या पार्किंगचं बघा. चौथा अध्याय लागला की मात्र शिरा बघायच्या निमित्ताने आत सटका. कारण तिथे साधुवाणी नावाचा व्यापारी आहे. नाव धनाने गच्च भरलेली. काठावरचा दंडी संन्यासी विचारतो, "बाबा रे, नावेत काय आहे?" हा हसत म्हणतो, "वेली आणि पानं." संन्यासी म्हणतो, तुझं बोलणं खरं होवो. वाणी जाऊन बघतो तर खरोखरच वेली आणि पानं! दुय्यम निबंधक कार्यालयात तुम्हीही हेच सांगून आलात. नशीब, तिथले साहेब तथास्तु म्हणत नाहीत, नुसता शिक्का मारतात.

एखादा आगाऊ भाचा विचारेल, "साधुवाण्याने ऐकली ती कथा नेमकी कुठली?" त्याच्या हातात आधी द्रोण द्या.

पुढे वाण्याची लेक कलावती प्रसाद टाकून नवऱ्याला भेटायला धावते आणि नवऱ्यासकट नाव गडप होते. अख्ख्या पोथीतलं एवढं मात्र लक्षात ठेवा. खोटं बोलून आलेला पाहुणा चालेल, प्रसाद न घेता गेलेला चालणार नाही. तुंगध्वज राजाने गवळ्यांनी दिलेला प्रसाद नाकारला आणि शंभर मुलं गमावली. तेव्हा वॉचमनलाही आठवणीने पोचवा. गेटवरच. त्याला वर बोलवावं असं पोथीत कुठे म्हटलंय? सोफा ब्रोकरसाठी ठेवा.

राहिली दक्षिणा. थोडी घासाघीस करा, पण रोख नको. गुरुजींकडे क्यूआर कोड असतो. या घराचा तेवढा एक व्यवहार तरी पूर्ण पांढऱ्यात झालेला बरा.