आजीच्या हातची कुरडई आणि इतरांचे हात

आमच्या घराण्यात एक वाक्य प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात आणि हल्ली ऊठसूट फॅमिली ग्रुपवर ऐकू येतं : "आजीच्या हातची कुरडई आता पुन्हा होणे नाही." म्हणणाऱ्याचा गळा दाटून येतो, ऐकणारे सुस्कारे सोडतात, कुणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकतं. मी गप्प बसतो. आजीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की त्या कुरडईला लागलेल्या हातांपैकी आजीचे फक्त दोन होते. बाकीचे आमचे. त्यांचं नाव कुणी घेत नाही.

आजीचं घर भुसावळला. जुनं, धाब्याचं. पुढे छपरावर सिमेंट आलं तरी घरात सगळे त्याला धाबंच म्हणत राहिले. परीक्षा संपली की मुंबई, नाशिक, पुण्याहून नातवंडं गोळा करून तिथे पाठवली जायची. आमचे आईवडील याला 'पोरांची हवापालट' म्हणायचे. मे महिन्यातलं भुसावळ, पारा ४५ च्या आसपास. हवा पालटायची, यात वाद नाही.

आम्ही पोचायचो तोवर गहू पाण्यात पडलेला असायचा. कुरडईचा गहू तीन दिवस भिजतो, पाणी रोज बदलावं लागतं, आणि तरीही तिसऱ्या दिवशी मोरीजवळच्या त्या घंगाळातून जो वास सुटतो, तो पुन्हा होणे नाही असं मात्र आजवर कुणी म्हटलेलं नाही. पाहुणा आला तर आधी दाराशी थबकायचा, मग हळूच विचारायचा, "काय, कुरडया का?" आजी अभिमानाने हो म्हणायची. तो बाहेरच्या ओट्यावरच बसायचा.

मग तो फुगलेला गहू वाटायचा. टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळायचं एक हाताने फिरवायचं मशीन होतं. त्याचा दांडा फिरवायचं काम मोठ्या नातवांकडे, वरून गहू लोटायचं काम मधल्यांकडे आणि "बोट घालू नका रे" असं ओरडायचं काम आजीकडे. वाटलेला गहू फडक्यातून गाळायचा, पिळायचा, पुन्हा पाणी घालून पिळायचा. खाली उरतो तो चीक, आणि फडक्यात राहतो तो चोथा. तोही फुकट जायचा नाही, त्याच्या भुसवड्या व्हायच्या. आजीच्या घरातून बाहेर पडणाऱ्या गोष्टींत फक्त वास आणि आम्ही, एवढीच नासधूस.

चीक रात्रभर निवळायला ठेवायचा आणि पहाटे शिजवायचा. पहाटे, कारण ऊन चढायच्या आत कुरडया घालून झाल्या पाहिजेत. उठवायची आजीची पद्धत साधी होती. ती हाक मारायची नाही, हलवायची नाही. खोलीतला पंखा बंद करायची. मे महिन्यातल्या भुसावळात या उपायापुढे कुंभकर्णही दोन मिनिटांत दात घासायला गेला असता. म्हणून पुढच्या वर्षी आम्ही शहाणपणाने धाब्यावर झोपायला लागलो. तेव्हा ती वर येऊन आमच्या अंगाखालच्या सतरंज्या ओढायला लागली, कारण त्याच सतरंज्यांवर कुरडया घालायच्या असायच्या.

चीक घोटणं हा स्वतंत्र पराक्रम. चिकावरची निवळ ओतून टाकायची, चीक होता तेवढंच पाणी मोठ्या पातेल्यात उकळायचं, त्यात मीठ, हिंग आणि मग बारीक धारेने चीक सोडत लाकडी दांड्याने घोटायचं. सुरुवातीला गंमत वाटते. मग चीक घट्ट होतो, चकाकतो आणि दांडा धरून बसतो. दोघांनी फडक्याने पातेलं धरायचं, तिसऱ्याने घोटायचं, आणि समोर पाटावर आजी. हात क्षणभर थांबला की तिचा प्रश्न यायचा, "थांबलास का रे भाऊ? चीक थांबला का?" चीक कधीच थांबत नसे. गुठळी झालीच तर ती कुणाच्या पाळीत झाली याची नोंद तिच्या डोक्यात पुढच्या मे महिन्यापर्यंत राहायची. दिवाळीत भेटली तरी म्हणायची, "हाच तो गुठळीवाला."

नंतर सोऱ्या. पितळी, वजनदार, वरून दांडा फिरवायचा. चीक कढत असतानाच भरावा लागतो, निवला की बाहेर यायला तयार नसतो. म्हणजे सोऱ्या हाताला चटका देतो आणि दांडा खांद्याला. आत्या दोनदा फिरवून एक गोल, बंद, नीटस कुरडई उतरवायची. मी उतरवलेल्यांना जळगाव जिल्ह्याच्या सीमा असायच्या, कधी यावल, रावेर तालुक्यांसकट. आजी त्या टाकून द्यायची नाही. गोल कुरडया एका बाजूला, त्या व्याह्यांच्या, जावयांच्या. माझ्या दुसऱ्या बाजूला, "घरच्यांना." माझ्या वडिलांनी वर्षानुवर्षं तालुके खाल्ले.

पण खरी शिक्षा पुढेच होती, राखणीची. कुरडया धाब्यावर पसरल्या की त्यांच्याशेजारी आम्हाला बसवलं जायचं. उडदाचे पापड मात्र खाली ओसरीवर, सावलीत. उन्हात पापड तडकतो, त्याची कड वळते, असं आजी समजावून सांगायची. नातवंडांची कड कुठे वळते? घरात छत्री एकच होती, आणि ती कावळ्यांसाठी होती. काळी छत्री उघडून वाळवणाच्या मधोमध ठेवली की कावळे भितात, असा तिचा ठाम विश्वास. कावळे पहिल्या दिवशी भ्यायचे. दुसऱ्या दिवशी ते छत्रीच्या टोकावर बसून कुरडयांची पाहणी करायचे. आम्हाला एक लांब काठी आणि डोक्याला ओला टॉवेल मिळायचा. टॉवेल धाब्याचा जिना चढेपर्यंत वाळायचा.

या कामातून सूट मिळालेला एकच माणूस होता, माझा एक चुलतभाऊ. त्याचा घोळणा फुटायचा. ऊन लागलं की नाकातून रक्त. हे दुखणं खरं होतं, मी नाकारत नाही, पण त्याची वेळ फार शिस्तशीर होती. सतरंज्या पसरल्या की घोळणा फुटायचा. मग आजी त्याला माजघरात थंड फरशीवर निजवायची, नाकाला फोडलेला कांदा हुंगायला द्यायची आणि तोंडाला लाटी. ओसरीवर पापड लाटायला जमलेल्या बायका त्याच्याकडे पाहून "बिचारा" म्हणायच्या आणि आणखी एक लाटी द्यायच्या.

लाटी म्हणजे आमचा पगार. उडदाच्या पिठात मिरं, हिंग, पापडखार, मीठ घालून ते दगडासारखं घट्ट भिजवायचं, तेलाचा हात लावून मुसळाने कुटून कुटून मऊ करायचं, मग वळकटी करून दोऱ्याने गोळ्या कापायच्या. त्यातली एक कच्च्या तेलात बुडवून तोंडात टाकली की कुटणाऱ्याला कुटल्याचं काही वाटेनासं होतं. कुरडयांच्या दिवशी वाटीभर गरम चीक, दूध-साखर घालून. याहून वेगळी मजुरी कुणाला मिळाल्याचं ऐकिवात नाही. गिरगावात १५ मार्च १९५९ ला सात बायकांनी एका इमारतीच्या गच्चीवर, ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, तेच पुढे लिज्जत झालं. तिथे लाटणारी प्रत्येक बाई संस्थेची भागीदार मानली जाते, हे मी मोठेपणी वाचलं. आमच्या धाब्यावर हा विचार कुणाला सुचला नव्हता. सुचला असता तर आजीने पंखा बंद केला असता.

पापड लाटायच्या दिवशी गल्लीतल्या बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन यायच्या. आज आमच्याकडे, उद्या तुमच्याकडे, असा हिशेब कुठे न लिहिता चालायचा आणि कधी चुकायचा नाही. एक काकू पापड इतका पातळ लाटायच्या की तो उचलून त्यातून समोरचं माणूस ओळखता यायचं. दुसरी मात्र बोलायला बसली की तिचा पापड जाड व्हायचा. आजी तिला काही म्हणायची नाही. तिच्या पोळपाटावर फक्त कमी लाट्या ठेवत जायची.

उपासाचं वाळवण वेगळ्या सतरंजीवर. बटाट्याचा कीस, साबुदाण्याच्या पापड्या, साबुदाणा-बटाट्याच्या चकल्या. गव्हाच्या चिकाचा हात तिकडे लागला तर उपास मोडला, म्हणून तिथे जाताना हात कोपरापर्यंत धुवायचे. बटाटा, मिरची आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो, हे तिन्ही मूळचे अमेरिका खंडातले. कॉलेजात गेल्यावर मी हे ज्ञान आजीला ऐकवलं. ती कीस पसरत होती. म्हणाली, "मग? तिकडे एकादशी नसते का?"

आता वळवाचा पाऊस. ज्याने वाळवण राखलं नाही त्याला मे महिन्यातला तो ढग कळणार नाही. दुपारभर आभाळ कोरडंठाक असतं. साडेचारच्या सुमाराला एकदम वारा सुटतो, धुळीचा भपका येतो, आणि खालून आजीचा आवाज. एरवी गुडघे धरून जिना चढणारी ती बाई अशा वेळी सगळ्यांत आधी वर असायची. सतरंजीची चार टोकं चार नातवांनी धरायची, कुरडया मध्ये गोळा होऊ द्यायच्या पण एकमेकांवर आपटू द्यायच्या नाहीत, आणि तसंच अरुंद जिन्याने खाली उतरायचं. पुढचे दोघे उलटे. थेंब पडायला लागलेले. एकदा या धांदलीत सगळ्यांत धाकटी बहीण वरच राहिली. खाली आल्यावर आजीने तातडीने मोजणी केली. कुरडयांची. बहीण दहा मिनिटांनी चिंब होऊन, स्वतःवर खूश होत उतरली, कारण कुणाच्याही लक्षात न राहिलेली छत्री तिने वाचवली होती. तिला त्या दिवशी दोन लाट्या मिळाल्या.

पाऊस आला तर पुन्हा दोन उन्हं द्यायची. वाळली की नाही हे आजी हाताने नाही, कानाने पाहायची. कुरडई कानाशी धरून एक तार मोडायची. 'कट्' आवाज आला तर डब्यात, नाही आला तर पुन्हा धाब्यावर. आत पाणी राहिलं तर कुरडईला बुरशी धरते, आणि फार कमी तापलेल्या तेलात टाकली तर ती फुलायच्या आधी तेलच पिऊन बसते, हे ती सांगायची. त्यामुळे घरात येणाऱ्या प्रत्येक सुनेचं तेल ती पहिल्यांदा स्वतः तापवून दाखवायची. सुनांना हे किती आवडायचं, ते त्यांनी अजून ग्रुपवर लिहिलेलं नाही.

सुट्टी संपताना वाटणी. तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे कागद लावून, झाकणावर फडकं बांधून तयार. आमचा डबा सामानात ठेवायचा नाही, मांडीवर घ्यायचा, अशी ताकीद असायची. भुसावळ स्टेशनावर बॅगा हमालाच्या डोक्यावर, पाण्याची सुरई आईच्या हातात, आणि डबा माझ्या छातीशी. पुण्यापर्यंत. शेजारच्या प्रवाशाने "बाळा, खाली ठेव की" म्हटलं की मी आईकडे बघायचो आणि आई खिडकीबाहेर बघायची. घरी डबा उघडल्यावर चार तुटलेल्या निघाल्या तरी आजीला पत्राने कळवावं लागे.

तुटक्यांचं तिच्याकडे काय व्हायचं ते मला उशिरा कळलं. त्यांची भाजी. तुटकी कुरडई पाण्यात भिजवायची, कांदा, हिरवी मिरची, हळद घालून परतायची. वर्षभर तिच्या ताटात हीच. अख्खी तळलेली कुरडई मी तिला कधी खाताना पाहिलं नाही. ग्रुपवर या गोष्टीवरून मोठा गहिवर झाला होता, त्याग, मातृहृदय वगैरे. तसं काही नव्हतं. तिला दात नव्हते, आणि ती भाजी तिला मनापासून आवडायची. कुणी मागितली तर "तुम्हाला अख्ख्या दिल्यात ना" म्हणून वाटी पलीकडे सरकवायची.

तो गहिवराचा मजकूर लिहिला होता घोळणेवाल्याने. लांबलचक, सुंदर. धाब्यावरचं ऊन, सोऱ्याची करकर, हाताला बसणारे चटके, सगळं त्यात होतं. मी शोधत होतो की त्याला चटका नेमका कधी बसला. खाली हृदयांची रांग लागली होती. एका काकूंनी तर लिहिलं, "तूच खरा आजीचा उजवा हात होतास." मी उत्तर टाइप केलं, पुसलं, पुन्हा टाइप केलं आणि शेवटी हात जोडल्याचं चित्र टाकलं.

या वर्षी आत्याचा फोन आला. सोऱ्या तिच्याकडे आहे. म्हणाली, पाच किलो गहू भिजत घातलाय, पोरांना घेऊन ये, त्यांनाही कळू दे. मी म्हटलं, आत्या, यायला आवडलं असतं, पण उजवा खांदा आखडलाय, डॉक्टरांनी त्याला सहा महिने जड काम सांगू नका म्हटलंय.

"बरं," आत्या म्हणाली, "डाव्याबद्दल काही म्हणाले का?"