दोन स्टारच्या अभिप्रायाला उत्तर : बोरिवलीच्या उद्यानातली श्रावणातली फेरी

नमस्कार. श्रावणातल्या रविवारी तुम्ही चौघं आमच्या गाईडबरोबर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात चाललात आणि नंतर दोन स्टार देऊन सविस्तर लिहिलंत. तुमच्या तक्रारी थोडक्यात अशा : अडीच तासांत जेमतेम दोन किलोमीटर चालणं झालं, बिबट्या, कान्हेरी लेणी, आमच्या फोटोतली जांभळी फुलं, तारपा हे वाद्य यांपैकी काहीच मिळालं नाही, शेवळं ही रानभाजी दाखवली पण हात लावू दिला नाही, वाघोबा या देवाचा फोटो काढू दिला नाही, गाईड मध्येच जमिनीच्या भानगडी सांगू लागला, आणि फेरीत काढून घरी नेलेल्या वारली चित्राचा रंग दोन दिवसांत पापुद्रे धरून गळला.

आधी चित्राचं बोलू, कारण त्यावर उपाय आहे. तो पांढरा रंग म्हणजे तांदूळ, पाणी आणि डिंक, बाकी काही नाही. तांदूळ रात्रभर भिजवून पाट्यावर वाटायचा. बोटाला कणी लागली तर पुन्हा वाटायचा. एक वाटी वाटणाला एक चमचा धावड्याचा किंवा बाभळीचा डिंक, तोही आदल्या दिवशी पाण्यात विरघळवून गाळून घेतलेला. मग पाणी घालून ताकाइतका पातळ करायचा. हा रंग ओला असताना गेरूवर जवळजवळ दिसत नाही, सुकला की पांढरा उठून दिसतो. पहिल्यांदा काढणारी माणसं इथेच फसतात. रेघ फिकी वाटली की लगेच दुसरा हात देतात, मग तिसरा. असा जाड थर वरून सुकतो, आतून ओला राहतो आणि आकसताना तडकतो. वर कागदाची सुरळी केली की तडकलेला थर सुटणारच. म्हणून निघताना आम्ही पुठ्ठा देतो आणि चित्र सपाट न्यायला सांगतो. पिशवीत उभं बसत नाही म्हणून पुष्कळ जण तो पुठ्ठा गेटपाशीच ठेवून जातात.

पावसाळ्यात आणखी एक अडचण असते. कागद हवेतलं पाणी ओढतो आणि तांदळावर बुरशी धरते. घरी पोचल्यावर चित्र पंख्याखाली, उन्हात नाही, एक पूर्ण दिवस सपाट ठेवायचं. तुमचं चित्र अजून वाचेल. सुटलेले पापुद्रे मऊ कोरड्या ब्रशने झटका. फडक्याने पुसू नका, गेरूही निघून येईल. डिंकाचं पातळ पाणी फक्त रेघांवर फिरवा, सुकू द्या आणि मग त्याच रेघेवर एकदाच पातळ हात द्या. बांबूची काडी तुमच्याकडे असेलच. तिचं टोक चावून किंवा ठेचून पुन्हा मोकळं करावं लागेल, सुकल्यावर ते घट्ट होतं.

दुकानातली चित्रं टिकतात, कारण ती बहुतेक पोस्टर कलरमध्ये किंवा अ‍ॅक्रिलिकमध्ये काढलेली असतात. त्यात कमीपणा काही नाही. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्यापासून वारली चित्र भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आलं, तेव्हापासून रंगही बदलत गेले. फेरीत मात्र आम्ही तांदूळच देतो. शेणामातीने सारवलेली भिंत खरखरीत असते, तिथे हाच रंग छान धरतो. शिवाय लग्नाचा चौक, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवरचं चौकटीतलं चित्र, वर्षानुवर्षं टिकावा म्हणून काढतच नाहीत.

चौकाचा विषय निघालाच आहे तर तुमच्या मुलीचंही सांगतो. तिला मधला देवचौक काढायचा होता आणि गाईडने शेत, झाड, नाच यांतलं काही काढ असं सुचवलं. देवचौकात पालघट देवी असते. तो लग्नघरात सुवासिनी काढतात आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणून लग्न लावते. अर्ध्या तासाच्या शिकवणीत तो काढायचा नाही, हे उद्यानातल्या आदिवासी पाड्यावरच्या बायकांनी ठरवलंय. आम्ही त्यात बदल करणार नाही.

आता शेवळं. तुम्हाला दाखवली ती शेवळाची पानं होती. खायचा कोंब पहिल्या पावसाबरोबर जूनमध्ये जमिनीतून वर येतो आणि त्याचे दिवस थोडेच असतात. पान नंतर येतं, तेव्हा भाजी संपलेली असते. हंगामातली शेवळंही तशीच उचलून कढईत टाकायची वस्तू नव्हे. त्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, घशाला खाज सुटते ती त्यामुळे. वरचं आवरण सोलून आतल्या दांड्याचा पिवळा भाग काढून टाकायचा, बारीक चिरून काकडाच्या फळांचा आंबट रस घालून शिजवायचं. काकड नसेल तर चिंच. आंबट कमी पडलं किंवा कच्चं राहिलं की घरातले सगळे घसा धरून बसतात.

आणि हात न लावू देण्याचं मुख्य कारण कायद्याचं आहे. हे राष्ट्रीय उद्यान आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे इथलं पान, फूल, कंद बाहेर नेता येत नाही. पाहुण्याच्या पिशवीत एक कोंब सापडला तर जाब गाईडला द्यावा लागतो. दुसरं कारण तुम्ही स्वतः पाहिलंत : त्याच वळणावर कळलावी फुललेली होती. दिसायला देखणी, कंद जहरी. कंद ओळखता येतात असं वाटणारी माणसं आम्हाला जरा जास्तच भेटतात. भाजी चाखायची असेल तर जूनमध्ये बोरिवली, पालघर, वसईच्या बाजारात आदिवासी बायका शेवळं आणि काकड शेजारी शेजारी घेऊन बसतात, तिथून जोडीने घ्या.

दोन किलोमीटर कमी वाटले, हे समजू शकतो. पण ही फेरी पाय मोकळे करायला नाही. सालीवर मगरीच्या पाठीसारखे चौकोन असलेला ऐन, पूर्वी इरल्यासाठी ज्याची पानं लागायची तो पळस, उकडून पिळल्याशिवाय कडूच लागणारी भारंगी, कुडाच्या भिंतींना लागणारी कारवी, असं प्रत्येकापाशी थांबून बघायचं असतं. झपाझप चालणाऱ्यांसाठी सकाळचा डांबरी रस्ता आहेच. तिथे गाईड घेऊन पैसे घालवू नका.

बिबट्या दाखवण्याचं आश्वासन आम्ही देत नाही, कोणी दिलं तर त्यावर विश्वास ठेवू नये. या भागात बिबटे आहेत. 2018 च्या कॅमेरा ट्रॅपच्या मोजणीत 47 आढळले. ते रात्री फिरतात, आणि सकाळी साडेसातला दहा माणसं बोलत येताना ऐकली की बाजूला होतात. त्यांनी तसंच करावं. दिसतात त्या खुणा. तुमच्या गाईडने ओढ्याकाठच्या चिखलात दाखवलेला ठसा कुत्र्याचा होता, हे त्याने तिथेच सांगितलं. पुढे नखांचे टोचे होते. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, त्याच्या ठशात ती उमटत नाहीत, आणि तळव्याच्या मागच्या कडेला तीन फुगवटे दिसतात. पावसात ठसा पसरून मोठा दिसतो, म्हणून आकारावरून काही ठरवू नये. त्याच ओढ्याकाठी तुमच्या मुलाला उकिडवं बसू नको म्हणून जरा जोरात सांगितलं गेलं. खाली बसलेलं मूल जनावराला लहान सावज वाटू शकतं. मुलं मधे, मोठी माणसं पुढेमागे, आणि जनावर दिसलंच तर पळायचं नाही; हे सगळं गेटवरच सांगतात, पण चिखल दिसला की मुलं विसरतात.

जांभळी फुलं कारवीची. ती आठ वर्षांनी एकदा फुलते : 2008, 2016, 2024. पुढचा बहर 2032 ला. फोटोखाली साल लिहिलेलं आहे, आता ते मोठ्या अक्षरात टाकू.

तारपा हा दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा आणि सांधे बुजवायला मधमाश्यांचं मेण असा जोडलेला असतो. दमट हवेत आतली आवाज काढणारी जीभ नीट बोलत नाही. पण हे दुय्यम. तारपा नव्या भाताच्या, कापणी-मळणीच्या दिवसांचा. तेव्हा रात्र रात्र नाच चालतो, तारपकरी मधे आणि नाचणारे त्याच्याभोवती फेर धरून. शेतात चिखल असताना पाहुण्यांसाठी दहा मिनिटं वाजवून दाखवणं आम्हाला पटत नाही. दिवाळीच्या सुमारास या.

वाघोबाच्या ठिकाणी कॅमेरा बंद ठेवायचा नियम बुकिंगच्या मेसेजमध्ये तिसऱ्या ओळीत असतो. शेंदूर लावलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, हे फोटोत छान येतं याची कल्पना आहे. त्या फोटोबरोबर नेमकी जागाही नकाशावर जाते. मग गर्दी येते, नारळाच्या पिशव्या पडतात, त्या खायला कुत्री येतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या पाड्यापर्यंत येतो. वाघबारसेला, म्हणजे अश्विन वद्य द्वादशीला, पाड्यावरची माणसं ज्याला नैवेद्य दाखवतात त्या देवाभोवती हे नको.

"निसर्ग बघायला आलो होतो, राजकारण ऐकायला नाही" असं तुम्ही लिहिलंत. यावर आमचं मत वेगळं आहे. शहराला पाणी हवं म्हणून विहार तलाव 1860 मध्ये आणि तुळशी 1879 मध्ये झाला. तुम्ही ज्या जंगलात चाललात ते आज उभं आहे त्यात या तलावांच्या पाणलोटाचा मोठा वाटा आहे. उद्यानाची हद्द त्यानंतर पुष्कळ वर्षांनी आखली गेली आणि पाडे तिच्या आत आले. 1997 मध्ये उच्च न्यायालयाने उद्यानातली अतिक्रमणं हटवायचा आदेश दिला. 2006 च्या वनहक्क कायद्याने 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासींचा हक्क मान्य केला. त्याआधी 1945 मध्ये तलासरी-डहाणूकडच्या वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता. गाईडने सांगितलं ते एवढंच, दहाएक मिनिटांत. फेरीच्या नावात इतिहास आहे. पाड्यावरच्या माणसाने तो झाडांपुरता सांगून बाकीचा गिळावा, अशी अपेक्षा कुणी ठेवू नये.

कान्हेरी वगळण्याचं कारण साधं आहे. मुख्य गेटपासून ती लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत, तिकीट पुरातत्त्व खात्याचं आणि वेगळं. शंभराहून अधिक लेणी, त्यांतली पाण्याची टाकी आणि ब्राह्मी लेख बघायला अर्धा दिवस तरी हवा. ते बौद्ध भिक्षूंचं ठिकाण, त्याचे जाणकार वेगळे. आमच्या फेरीनंतर बसने जाता येतं, पण मुलं दमलेली असतील तर दुसरा दिवस ठेवा. पावसात पायऱ्यांचा काळा दगड शेवाळाने निसरडा होतो.

उद्यानाचं प्रवेशशुल्क वनखातं गेटवर घेतं, ते आमच्या रकमेत धरलेलं नसतं. त्यामुळे ते परत करता येणार नाही. चित्राचं मात्र, वर सांगितलेला उपाय करूनही जमलं नाही तर पुढच्या कुठल्याही फेरीच्या शेवटी नवा कागद आणि रंग घेऊन बसा, त्याचे पैसे घेणार नाही. आदल्या दिवशी मेसेज टाका, म्हणजे तांदूळ भिजत घालता येतो. बंद बूट घाला, छत्रीऐवजी रेनकोट आणा, आणि सोमवार टाळा, त्या दिवशी उद्यान बंद असतं.